रकान्यातलं नाव

शालूबाई आवळे यांच्या घरी दर गुरुवारी दुपारी तीनला नऊ बायका जमायच्या. शाहूपुरीच्या त्या गल्लीला ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली होती, की समोरचा शिंपी वेळ बघायला घड्याळाकडे मान वळवत नसे. अंबूबाईच्या चपला शालूबाईंच्या दारात दिसल्या की तीन वाजले.

शालूबाई दवाखान्यात आया होत्या आणि गुरुवारी त्यांची सुट्टी असे. नवरा आकाराम उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मोल्डर. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीतली खाट उभी करून भिंतीला लावली की नऊ चटयांची जागा होई. चर्चमधली माणसं या बैठकीला 'घरमिटिंग' म्हणायची, बायका नुसतं 'गुरुवार' म्हणायच्या.

गुरुवारची रीत शालूबाईंच्या सासूने, बाळाबाईंनी, घालून दिलेली. बाळाबाई कोडोलीकडच्या. मिशनच्या दिवसांत त्या खेड्यापाड्यांत शास्त्र वाचून दाखवत फिरायच्या. रविवारी चर्चमध्ये बायकांनी मागे बसायचं आणि गीतापुरतं तोंड उघडायचं, अशी तेव्हाची पद्धत. मग बायकांनी बोलायचं कुठे? म्हणून बाळाबाईंनी आठवड्यातली एक दुपार काढली आणि आपल्या घराचं दार उघडलं. आपलं दुखणं आपण देवापुढे मांडायचं नाही, शेजारणीच्या कानात सांगायचं. ते प्रार्थनेत मांडायचं काम शेजारणीचं, आणि तेही नाव न घेता. 'एका बहिणीचा नवरा पितो.' 'एका घरात भावाभावांत बोलणं न्हाई.' कुणाचं दुखणं कुणाच्या तोंडून निघतंय हे नवख्या माणसाला कळायचं नाही. बाळाबाई म्हणायच्या, देवाला घर ठावं हाय, पत्ता कशाला सांगायचा. त्यांच्या माघारी शालूबाईंनी कोल्हापुरात ही रीत सतरा वर्षं जशीच्या तशी चालवली.

सन त्र्याण्णवपासून या बैठकीला एक दहावी बाई येऊ लागली. ती चटईवर बसत नसे. दाराच्या चौकटीला पाठ लावून, निम्मी आत निम्मी बाहेर, पाय पोटाशी घेऊन बसे. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. ही रत्नव्वा, गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या गुळाच्या व्यापाऱ्याची, सोमशेखरची बायको. तिचा नऊ वर्षांचा मुलगा गुरुपाद मेंदूज्वराने गेला, तेव्हा त्या वॉर्डात रात्रंदिवस शालूबाई होत्या. रत्नव्वाच्या घरात नंतर त्या पोराचं नाव काढायची सोय राहिली नाही. नाव काढलं की सासू, जिला सगळी गल्ली अव्वा म्हणे, ताट सारून उठायची. सोमशेखर पेढीवर निघून जायचा. मग रत्नव्वा गुरुवारी येऊन चौकटीला टेकायची. तिने कधी कुणाच्या कानात काही सांगितलं नाही, गीत म्हटलं नाही. शेवटी चहा मात्र प्यायची. तिला कुणी काही विचारलं नाही आणि तिच्या घरच्यांनीही कधी अडवलं नाही. पोराला ज्या बाईने शेवटचं पाणी पाजलं तिच्याकडे सून जाते, यात अडवण्यासारखं काय होतं?

नव्याण्णव साली चर्चमध्ये 'सेल' आला.

पाळक देवकुळे तरुण, हुशार, धावपळीचा माणूस. त्यांनी पुण्याहून एका सरांना बोलावलं. सभागृहात पडदा लावून दोन दिवस शिबिर झालं. जगात कुठे कुठे मंडळ्या लहान गटांमुळे कशा लाखालाखाच्या झाल्या ते पडद्यावर बाणांनी दाखवलं. घराघरांत गट पाहिजेत, प्रत्येक गटाला शिकवलेला प्रमुख पाहिजे, बाराच्या वर माणसं गेली की गट फोडून दोन करायचे, आणि दर महिन्याला छापील फॉर्म भरून ऑफिसात द्यायचा. घराघरांत गट ही आपल्याकडे पन्नास वर्षांची गोष्ट आहे, हे त्या सरांना कुणी सांगितलं नाही. शालूबाईंनी सांगायला हात वर केला होता. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली.

घरी आल्यावर आकारामने विचारलं, काय शिकवलं?

"गुरुवारला आता सेल म्हणायचं," शालूबाई म्हणाल्या.

"म्हंजे इतकी वर्सं बिनसेलाची बत्ती चालली म्हणायची," आकाराम म्हणाला आणि भाकरीकडे वळला.

फॉर्म गुलाबी कागदाचा होता. तारीख, हजेरी, प्रार्थनेचे विषय नावासह, आणि सगळ्यात खाली जाड रेघेच्या चौकटीत 'नवीन आत्मे', म्हणजे ख्रिस्ताकडे नव्याने आलेली माणसं. सहा महिन्यांत या चौकटीत काही लिहिलं गेलं नाही तर तो गट बंद करून दुसऱ्याला जोडायचा, असं ठरलेलं. शालूबाईंनी विषयांचा रकाना पहिल्यापासून कोरा ठेवला. नवीन आत्म्यांच्या चौकटीतही त्या दर महिन्याला आडवी रेघ मारत.

बाकीचे गट मात्र भराभर वाढले. कसे वाढले हे बायकांना ठाऊक होतं. दिवाळीच्या सुट्टीला गारगोटीहून कुणाची बहीण आली की ती नवीन आत्मा. बिद्रीच्या कारखान्यावरचा एक जावई तर तीन गटांत तीनदा नवीन झाला होता आणि मुळात त्याचा बाप्तिस्मा त्याच चर्चमध्ये झालेला. फॉर्म गोळा करायचं काम पंचकमिटीचे चिटणीस आण्णा म्हेत्रे यांच्याकडे होतं. दर महिन्याला शालूबाईंचा फॉर्म हातात आला की ते चार माणसांत म्हणायचे, "शालूबाई, तुमचं डबकं झालंय बगा. पाणी न्हाई हलत."

शालूबाई ऐकून घ्यायच्या आणि घरी येऊन भांडी आपटायच्या. पाचव्या महिन्याला आण्णांनी सांगितलं, पुढच्या खेपेलाही रेघच असली तर तुमच्या बायका स्टेशनरोडच्या गटाला जोडतो, तिथला प्रमुख शिकलेला हाय. अंबूबाईला गुडघ्यांमुळे स्टेशनरोड जमणारा नव्हता. तो प्रमुख पुरुष होता, त्याच्यासमोर नवऱ्याच्या माराचं कोण बोलणार? आणि रत्नव्वा तर तिथे कशाला जाईल?

सहाव्या महिन्याचा फॉर्म भरताना शालूबाई ऑफिसच्या बाकावर बसल्या होत्या. आण्णा समोर पेन वाजवत उभे. दहावी बाई येते हे तर खरंच होतं. त्यांनी चौकटीत लिहिलं : रत्नव्वा. अक्षर त्यांचं चांगलं होतं. आण्णांनी वाचलं, मान हलवली आणि कागद फायलीत टाकला. कागद फायलीतच राहणार, अशी शालूबाईंची समजूत. चर्चच्या ऑफिसात कागद जातो तो तिथेच पिवळा पडतो, असा त्यांचा आजवरचा अनुभव होता.

पण पुढच्या वर्षी, दोन हजार साली, कापणीच्या सणाला भाजीपाल्याचे हारे वेदीपुढे मांडलेले असताना पाळकांनी वर्षभराच्या नवीन आत्म्यांची यादी वाचली. एकवीस नावं. चौदावं नाव रत्नव्वा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकांच्या बाजूला बसलेल्या अंबूबाईने मान वळवून शालूबाईंकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "कुठली गं रत्नव्वा?"

त्यांना वाटलं, वाचून झालं, संपलं. पण शिबिरात शिकवलेला एक धडा उरला होता : नवीन आत्म्याला आठ दिवसांत घरी जाऊन भेटायचं. पुढच्या रविवारी दुपारी पाळकांच्या पत्नी, तरुण संघाची दोन मुलं आणि गिटार असे सगळे गल्लीत आले. शालूबाईंच्या दारावरून पुढे गेले तेव्हा एकाने हसून सलाम केला. एकाच्या हातात पुठ्ठ्याच्या खोक्यात केक, पाळकीणबाईंच्या हातात रंगीत कागदात बांधलेला बायबलचा नवा करार. शालूबाई पिठाचे हात तसेच घेऊन दारात आल्या. हाक मारेपर्यंत ते सोमशेखरच्या पायऱ्या चढले होते आणि गिटार सुरू झालं होतं.

रविवार, सगळं घर घरात. सोमशेखर, त्याचा भाऊ, भावाची बायको, अव्वा. काय बोलणं झालं ते लांबून ऐकू आलं नाही. गिटार मधेच थांबलं. मग अव्वाचा आवाज शिंप्याच्या दुकानापर्यंत आला, आणि पाळकीणबाई लालबुंद होऊन परत निघाल्या. केकचं खोकं पायरीवर राहिलं. संध्याकाळपर्यंत तिथेच होतं, मग कुत्र्यांनी खाल्लं.

त्या गुरुवारी दाराची चौकट मोकळी राहिली. पुढच्याही.

शालूबाईंना रात्री झोप लागेना आणि दिवसा कुणाशी सरळ बोलता येईना. वॉर्डात त्या एका डॉक्टरवर ओरडल्या. दुसरा गुरुवारही तसाच गेल्यावर त्या चर्चच्या ऑफिसात गेल्या. पाळक आणि आण्णा दोघेही होते. शालूबाईंनी सांगितलं की ती बाई आपल्यात आलेली नाही, येणारही नाही; चूक माझी, मी लिहिलं; तेवढं नाव खोडा आणि तिच्या घरी तसं लिहून द्या.

पाळक आधी नीट बोलले. बी पेरलंय, उगवायला वेळ लागतो, म्हणाले. शालूबाईंनी पुन्हा तेच सांगितलं. मग त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलून परत ठेवली. "अहवाल पुण्याला गेला आहे, शालूबाई. तिथून पुढे बाहेरदेशी गेला असेल. एकवीसचे वीस झाले असं मी आता कोणत्या तोंडाने कळवू?"

"माझ्या तोंडानं कळवा," शालूबाई म्हणाल्या. "खोटं लिवलं म्हणून लिवा. नाव घाला माझं."

"तुम्ही खोटं लिवलंसा हे बाहेर गेलं तर सगळ्याच फॉर्मांवर संशय येईल की," आण्णा म्हणाले.

शालूबाईंच्या ध्यानात आलं. म्हणजे ह्यांना ठाऊक आहे. बिद्रीचा जावई ठाऊक आहे, गारगोटीची बहीण ठाऊक आहे, सगळं ठाऊक आहे. त्या उठल्या. सलाम न करता ऑफिसाबाहेर पडायची त्यांच्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

तिथून त्या सरळ सोमशेखरच्या घरी गेल्या. वर गेल्या नाहीत, पायरीखाली उभ्या राहिल्या. दार अव्वाने उघडलं. मागे सोमशेखर आला आणि त्याच्याही मागे, माजघराच्या अंधारात, रत्नव्वा.

अव्वा म्हणाली, "आमचं पोरगं गेलं. आता सून बी नेतासा व्हय?"

शालूबाईंनी खाली मान घालून सगळं सांगितलं. गुलाबी कागद, चौकट, आण्णांचं पेन. ऑफिसातल्या कुणी नव्हे, मीच लिहिलं, हे दोनदा सांगितलं. सोमशेखर सज्जन माणूस. तो म्हणाला, बाई, पेढीवर माणसं मला विचारायला लागलीत, तुमच्यात कधीपासनं म्हणून. माझ्या भावाच्या पोरीचं लग्न ठरायचंय. मी कुणाकुणाला सांगत बसू?

तेवढ्यात रत्नव्वा पुढे आली. तिच्या चेहऱ्यावर राग होता आणि तो शालूबाईंनी कधी बघितलेला नव्हता.

"आक्का, गुरुपादाचं नाव लिवलंस?"

"न्हाई."

"त्या कागदावर? कुठंच?"

"न्हाई, रत्नव्वा. ती जागा मी कधीच भरली न्हाई. कुणाचीच."

रत्नव्वा आत गेली. अव्वाने दाराला हात घातला आणि म्हणाली, "नाव तिथं वाचलं न्हवं, चारचौघांत? मग तिथंच पुसायचं. माझ्या पायरीला येऊन काय उपेग."

दार लागलं. शालूबाईंना अव्वाचा राग आला नाही. म्हातारी बरोबर बोलली होती. राग आला तो यादीचा, टाळ्यांचा, गिटारचा, आणि बाकावर बसून भ्यालेल्या स्वतःचा.

पुढच्या रविवारी उपदेश संपला आणि सूचना सुरू झाल्या. आण्णांनी वधूवर मेळाव्याची तारीख सांगितली, रंगकामाच्या वर्गणीची आठवण केली. शेवटी पाळकांनी सवयीने विचारलं, आणखी कुणाची सूचना? बायकांच्या बाजूला शालूबाई उभ्या राहिल्या. तिथून कुणी उभं राहत नसे, म्हणून पुढच्यांना कळायला थोडा वेळ लागला.

"कापणीच्या सणाला यादी वाचली, त्यात रत्नव्वाचं नाव हुतं," शालूबाई म्हणाल्या. "ती आपल्यातली न्हाई. ती शेजारीण हाय. तिचं पोरगं गेलंय म्हणून ती माझ्या दारात बसायची. मी तिला आत्मा म्हणून मोजलं. कागदावर जागा हुती आणि मला भ्या वाटलं, म्हणून मोजलं. नाव खोडा म्हणून सांगायला गेलतो, तर आकडा कमी हुतोय म्हणून खोडत न्हाईत."

पाळकांनी पेटीवाल्याला खूण केली. पेटीवर सूर लागला, पुढच्या दोन बाकांवरची माणसं गीतासाठी उठली. शालूबाई थांबल्या नाहीत. पेटीच्या वर आवाज चढवून त्या बोलल्या, वॉर्डात आंधळ्या म्हातारीला हाक मारतात तशा.

"गुरुवारला आमी बाळाबाईच्या वेळेपासनं बसतोय. कुणाचं दुखणं कुणाच्या दारात गेलं न्हाई. तुमी चार कागद छापलासा आणि गिटार घेऊन गेलासा माणसाच्या घरात!"

मग त्या बसल्या. आण्णा कुणाला तरी म्हणत होते, बसवा त्यांना, बसवा, पण त्या आधीच बसलेल्या होत्या. पुरुषांच्या बाजूला आकाराम उठला, जागा सोडून बायकांच्या बाजूला आला आणि शालूबाईंच्या शेजारी जाऊन बसला. असंही त्या चर्चमध्ये कुणी करत नसे.

पंधरा दिवसांनी पंचकमिटीचं पत्र आलं. उपासनेत व्यत्यय आणल्याबद्दल शालूबाईंना सहा महिने प्रभुभोजनापासून दूर ठेवण्यात येत होतं. त्यांचा गट रद्द. माफीचं पत्र दिल्यास फेरविचार होईल. खोटा फॉर्म भरल्याबद्दल पत्रात एक अक्षर नव्हतं. शालूबाईंनी पत्र दोनदा वाचलं ते त्यासाठीच. खोटेपणाची शिक्षा दिली असती तर त्यांनी मान खाली घालून घेतली असती.

माफीचं पत्र त्यांनी दिलं नाही. भाकर आणि द्राक्षारस घ्यायला सगळी मंडळी पुढे जायची तेव्हा त्या बाकावर बसून राहायच्या. आकारामही बसून राहायचा. त्याला कुणी बंदी घातलेली नव्हती. देवकुळ्यांनी एकदा त्याला बाजूला घेऊन समजावलं. तो म्हणाला, "पाळकसाहेब, तिला उपाशी ठेवून मी जेवत न्हाई." सहा महिने दोघांनी असे काढले, पण एकही रविवार चुकवला नाही. राग आला म्हणून घर सोडून जायचं, असला स्वभाव दोघांचाही नव्हता.

गुरुवारी आता दोघी-तिघी यायच्या. बाकीच्यांना घरून सांगितलं होतं, कशाला नसती भानगड. अंबूबाई यायची. ती म्हणायची, मला कमिटीनं पत्र पाठवलं तर वाचायला कुणीतरी माणूस पण पाठवावं लागंल. रत्नव्वा नळावर दिसायची. हंडा भरून निघून जायची.

उन्हाळा लागला. एका सोमवारी दुपारी शालूबाई रात्रपाळी करून आल्या होत्या आणि डोक्याला फडकं बांधून पडल्या होत्या. दार लोटल्याचा आवाज आला. रत्नव्वा उभी होती आणि तिच्यापुढे, काठी टेकत, अव्वा.

"गुरुवार न्हाई आज," अव्वा म्हणाली. "म्हणून आलोय. गुरुवारला माझी सून येनार न्हाई, ते ध्यानात ठेव."

शालूबाईंनी खाट सरळ करायला घेतली. अव्वा खाली, भिंतीला टेकून बसली. रत्नव्वा चौकटीपाशी थांबली होती. सासूने काठीने तिला आत यायची खूण केली. तू काय बोललीस तुझ्या देवळात ते कळलं, अव्वा म्हणाली. शिंप्याच्या बायकोनं सांगितलं. त्यांनी तुला वाळीत टाकलं म्हणं.

"अर्धंमुर्धं," शालूबाई म्हणाल्या.

"बरं झालं. तुला पायजेच हुतं," अव्वा म्हणाली. काठी आडवी मांडीवर घेऊन तिच्या गाठी चाचपत राहिली. शेवटी खालीच बघत तिने विचारलं, "तू हुतीस न्हवं तितं? पोरगं काय म्हणालं?"

आठ वर्षांत हे तिने कुणाला विचारलं नव्हतं, आणि पोराचं नाव निघालं की ती उठायची म्हणून कुणी आपणहून सांगितलंही नव्हतं. शालूबाईंनी रत्नव्वाकडे बघितलं. रत्नव्वाने मान हलवली.

शालूबाईंनी सांगितलं. ताप चढलेला होता, पोर मधेच शुद्धीत यायचं. पाणी मागितलं. आज्जी कुठाय विचारलं. आज्जी घरी हाय म्हटल्यावर म्हणालं, आज्जीला सांगा, तिची मिशरीची डबी माळ्यावर तांब्याच्या घंगाळात हाय. मीच लपवलीया. आता लपवणार न्हाई म्हणून सांगा.

अव्वाने मान वर केली.

"घंगाळात?"

"व्हय. तसंच म्हणालं."

"अगं बया," अव्वा म्हणाली. "आठ वर्सं मी थोरल्या जावंवर त्या डबीचा आळ घेतोय. तिच्या घरात पानी सुदिक प्यालो न्हाई."

मग तिने पदर तोंडात कोंबला. रत्नव्वा सरकत तिच्याजवळ गेली. शालूबाई उठल्या, दार लावून घेतलं आणि चहाचं आधण ठेवलं.